पांगाऱ्याचा बिंडा

आमच्या माण तालुक्यात प्यायच्या पाण्याचे वांदे, तिथं तुम्ही पोहायला कुठं शिकलात, असं पाहुणे विचारतात. पण ज्याच्या रानात विहीर, त्याचं पोरगं पोहायला शिकायचंच. मी १९७१ च्या उन्हाळ्यात शिकलो. वय वर्षे नऊ. पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड लई हलकं, पाण्यावर तरंगतं. त्याचा बिंडा चुलत्यानं माझ्या पाठीला बांधला, कासऱ्याचं टोक हातात धरलं आणि दिलं ढकलून. नाकातोंडात पाणी गेलं. वरनं चुलता ओरडत होता, "पाय मार, पाय!" आठ दिवसांत बिंड्याची गरज उरली नाही.

माझा वर्गातला एक सोबती तेव्हा मोटेच्या धावेवर बसून माझी कापडं राखायचा. शाळेत आम्ही एकाच बस्करावर बसायचो, पण तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्याला विहिरीत उतरायची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते १९२७ साली. त्याला ४४ वर्षं झाली होती, तरी आमची विहीर होती तिथंच होती. आणि मीही कुणाला काही विचारलं नाही.

१९७२ ला मोठा दुष्काळ पडला. विहिरीचा खडक उघडा पडला. माझी आई आणि त्याची आई, दोघी दुष्काळी कामावर जाऊ लागल्या. पाझर तलावाच्या बांधावर एकीच्या मागं एक मातीच्या पाट्या टाकायच्या. कामावर सुकडी, घरी मिलोची लाल भाकरी. दोन्ही घरी तीच.

पुढच्या सालच्या पावसात तलाव भरला. मी माळ्यावरचा बिंडा काढला आणि सोबत्याच्या पाठीला बांधला. गाठ ढिली बसली. मधेच बिंडा सुटला आणि तो गटांगळ्या खाऊ लागला. केस धरून मी त्याला कसाबसा काठाला आणला. दोघंही थरथरत होतो.

आज्याला कळलं. म्हणाला, "त्यो बिंडा आता घरात आणायचा न्हाई."

आई चुलीपुढनंच बोलली, "त्या बांधाची माती त्याच्या आईनंबी व्हायलीया, मामंजी."

आजा गप झाला. बिंडा माळ्यावर गेला. आठवड्यात सोबती माझ्यापेक्षा लांब पोहू लागला.

आता विहिरीवर मोटर आहे. तलाव निम्मा गाळानं भरलाय. आम्ही दोघं साठी ओलांडलेले. भेटला की हसून म्हणतो, "गाठ तेवढी ढिली मारली व्हतीस गड्या." कापडं राखल्याचं मात्र तो कधी काढत नाही. ते माझ्याच ध्यानात राहिलंय.