भट्टीच्या तळाशी साचणारा कोक

इंडियाना राज्यातल्या व्हायटिंगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 1909च्या सुमारास विल्यम बर्टन आणि रॉबर्ट हम्फ्रीज यांनी धाडसी प्रयोग हाती घेतले. मोटारी वाढत होत्या, पेट्रोल पुरत नव्हतं. जड तेल दाबाखाली तापवलं तर त्याचे रेणू तुटून पेट्रोल मिळेल, असा त्यांचा होरा होता.

तापमान सुमारे 400 अंश सेल्सिअस, दाब वातावरणाच्या पाचेक पट आणि खाली धगधगता जाळ! भट्टीचे पोलादी पत्रे तेव्हा रिव्हेटने जोडत. सांध्यांतून गरम तेल झिरपायचं आणि कामगार पेटत्या भट्टीला भिडून ते ठोकून बंद करायचे. कारखान्याची मालक असलेल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या वरिष्ठांनी स्फोटाच्या धास्तीने मोठ्या भट्ट्यांना पैसा नाकारला. 1911मध्ये कंपनीचं विभाजन झालं, तेव्हा कुठे इंडियानाच्या कंपनीला मोकळीक मिळाली. या पद्धतीचं पेटंट 1913चं.

खरा वैरी होता कोक, म्हणजे तेल तापताना मागे उरणारा कार्बनचा घट्ट थर.

तो तळाशी साचला की पत्र्याची उष्णता तेलात उतरेना. पत्रा तापून फुगायचा, फाटायची भीती असायची. हम्फ्रीज यांनी आत खोटा तळ बसवून कोक वरच अडवला. त्याच कंपनीतल्या एडगर क्लार्क यांनी 1914मध्ये नळ्यांची भट्टी पुढे आणली. तेल नळ्यांतून फिरतं राहिल्याने कोक कमी धरू लागला.

आजच्या भट्ट्यांतही तेल नळ्यांतूनच वाहतं. नळीच्या पृष्ठभागाचं तापमान सांगणारे थर्मोकपल, प्रवाह घटताच इंधन तोडणारी यंत्रणा आणि वेळोवेळी होणारी कोकसफाई हा सारा बंदोबस्त त्याच जुन्या धोक्यासाठी आहे.