लाल जिभेची कुळकथा

अबुधाबीच्या मुख्य बेटापासून एका अरुंद खाडीने विलग झालेल्या आणि पुलांनी पुन्हा जोडल्या गेलेल्या अल रीम बेटावर, जेथे पाव शतकापूर्वी रेती, खारवट दलदल आणि तिवरांची झुडपे यांखेरीज फारसे काही नव्हते आणि जेथे आज काचेच्या उत्तुंग इमारतींनी क्षितिज झाकून टाकले आहे, तेथील एखाद्या दवाखान्यात कोणी मराठी गृहस्थ ‘जीभ हुळहुळते, आमटीसुद्धा झोंबते’ अशी तक्रार घेऊन गेला, तर डॉक्टर त्यास जीभ बाहेर काढावयास सांगतात, क्षणभर तिचे निरीक्षण करतात, आणि रक्तातील बी-बारा, फॉलेट व लोह यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहून देतात. हा सारा व्यवहार काही मिनिटांत आटोपतो. परंतु जीभ पाहून रक्त तपासावे, ही आज मामुली वाटणारी रीत प्रस्थापित होण्यास वैद्यकाला फार मोठा काळ लागला आहे, आणि तिच्या वंशावळीतील एक मोठी शाखा त्या गृहस्थाच्याच मुलखात, मुंबईच्या परळ भागात, फुटलेली आहे.

या वंशावळीचे मूळपुरुष शोधू जाता आपण सुश्रुतापाशी येऊन पोहोचतो. मुखाची सात स्थाने व त्यांतील पासष्ट रोग मोजणाऱ्या त्या आचार्याने जिभेच्या वाट्याला पाच रोग दिले: वात, पित्त व कफ यांच्या प्रकोपाने होणारे तीन जिह्वाकंटक, जिभेखाली सूज आणणारा अलास, आणि उपजिह्विका. वाताने जीभ फुटते, बधिर होते व सागाच्या पानासारखी खरखरीत होते. पित्ताने ती पिवळी पडते, तिचा दाह होतो व तिच्यावर तांबडे अंकुर उठतात. कफाने ती जड व जाड होऊन तिच्यावर सावरीच्या काट्यांसारखे मांसांकुर येतात. हे वर्णन करणाऱ्याने शेकडो जिभा उजेडात धरून पाहिल्या असल्या पाहिजेत, याविषयी शंका राहत नाही. पित्तज प्रकारात जीभ घासून दूषित रक्त काढावे आणि मग मधुर द्रव्यांचे प्रतिसारण (चोळणे), गंडूष (गुळणी धरणे) व नस्य (नाकात औषध घालणे) योजावे, असा उपचार त्याने सांगितला. तर चरकाने सोने, रुपे, तांबे, कथील व पितळ यांच्या जिभलीने नित्य जीभ खरवडण्याचा नियम दिनचर्येतच घालून दिला. जिभेवर मध लावणे, तुपाची गुळणी धरणे, ज्येष्ठमध चघळणे, जाईचा पाला चावणे, इत्यादी जे उपाय आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडी आजही आहेत, त्यांचे गोत्र हेच.

युरोपातील शाखा पुष्कळ अलीकडची आहे. कोनिग्सबर्गच्या मोलर नावाच्या वैद्याने 1851 मध्ये लालबुंद, सोललेल्या जिभेचे वर्णन केले. पुढे लंडनच्या विल्यम हंटरने ‘घातक पांडुरोग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि त्या काळी रोग्याचा प्राण घेतल्यावाचून सहसा न राहणाऱ्या व्याधीत अशीच जीभ वारंवार पाहिली, आणि गुळगुळीत, आग होणाऱ्या त्या जिभेला हंटरचेच नाव चिकटले. मात्र हंटरचा निवाडा चुकीचा होता. मुखात जंतूंचा शिरकाव होतो, जीभ सुजते, आणि तेथून विष पसरून रक्ताचा नाश होतो, असे त्याने प्रतिपादन केले. म्हणजे ज्या जिभेने साक्ष देण्यासाठी दरबारात यावयाचे, तिलाच त्याने आरोपीच्या जागी उभे केले. 1926 मध्ये बोस्टनच्या मायनॉट व मर्फी या वैद्यद्वयाने रोग्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून घातक पांडुरोग हटविला, तेव्हा दोष जंतूंचा नव्हे, तर अन्नांशाच्या उणिवेचा आहे, हे उघड झाले. आणि रक्त सुधारले की जीभही सुधारते, हे वैद्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

यानंतरचे प्रकरण मुंबईत घडले. प्लेगच्या लशीसाठी वाल्डेमार हाफकिन यांनी उभारलेली प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या लाटसाहेबांच्या वाड्यात आली होती, व 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली होती. तेथे 1928 मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टरीण दाखल झाली. मुंबई इलाख्यातील गिरण्यांत राबणाऱ्या आणि चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांत गरोदरपण काढणाऱ्या स्त्रियांना एका विलक्षण पांडुरोगाने ग्रासले होते, ज्यात रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत व बाळंतपण हे मृत्यूचे द्वार ठरे. त्याचे कारण शोधणे हे तिचे काम होते. विल्सबाईने प्रथम जंतूंचा संशय तपासून बाजूस सारला. मग सहकारी तळपदे यांच्याबरोबर तिने मुंबईच्या स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली, आणि ज्यांच्या पानात भाजीपाला, फळे व दूध अत्यल्प, त्यांनाच हा रोग अधिक गाठतो, असा निष्कर्ष काढला. घोशात राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रियांत त्याचे प्रमाण विशेष आढळले.

पुढील प्रयोग उंदरांवर व माकडांवर झाले. त्या स्त्रियांच्या जेवणासारखेच अन्न घातलेली माकडे तशाच पांडुरोगाने खंगली. आणि एक अत्यवस्थ माकड, जे वाचेल अशी आशा उरली नव्हती, ते मार्माइटने सावरले. मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीतील यीस्टपासून इंग्लंडमध्ये 1902 पासून तयार होणारा, काळसर, खारट, चिकट अर्क, जो पावाला लावून खातात व जो तेव्हा स्वस्त मिळे. तोच अर्क गरोदर स्त्रियांना दिला असता त्यांचे रक्त झपाट्याने सुधारले, आणि 1931 मध्ये विल्सबाईने हा वृत्तान्त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. यीस्टमधील तो अनाम घटक पुढे कित्येक वर्षे ‘विल्स घटक’ म्हणूनच ओळखला गेला. घातक पांडुरोगावर गुणकारी ठरणारा यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना मात्र लागू पडेना. त्यावरून या दोन भिन्न उणिवा असून एकीचे औषध दुसरीस चालत नाही, हे भेदज्ञान विल्सबाईने वैद्यकास दिले.

त्या घटकाची ओळख पटण्यास आणखी दशक लोटले. 1941 मध्ये टेक्सासच्या रसायनज्ञांनी चार टन पालक आटवून त्यातून तो वेगळा काढला व त्यास फॉलिक आम्ल, म्हणजेच फॉलेट, हे नाव मिळाले. 1945 मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत आंध्रपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते कृत्रिम रीतीने बनविण्यात आले. आणि यकृतातील दुसरा घटक, बी-बारा, 1948 मध्ये हाती आला. जिभेच्या चिकित्सेतील दोन प्रमुख औषधांचा जन्म असा झाला.

या वंशाच्या आणखी दोन उपशाखा सांगितल्याखेरीज कुळकथा पुरी होत नाही. निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत एक्रॉइड व कृष्णन यांनी 1936 मध्ये दाखवून दिले, की ओठांचे कोपरे फुटणे व जीभ सोलवटणे ही बी-दोनच्या उणिवेची खूण आहे. तिकडे अमेरिकेत 1937 मध्ये जीवरसायनज्ञ एल्वेजेमने, ज्यांची जीभ काळी पडून मरण ओढवते अशा कुत्र्यांना यकृतातून मिळविलेले नायसिनचे रूप देऊन बरे केले, व त्यातूनच नायसिनच्या उणिवेने माणसास होणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा उपाय निघाला. मक्यावर जगणाऱ्यांचा समजला जाणारा हा रोग ज्वारी खाणाऱ्या दख्खनातही दिसतो, हे पाहून हैदराबादच्या गोपालन व श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखविले. भाकरी व मिरचीच्या ठेच्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या मुलखाशी या संशोधनाचा संबंध किती निकटचा, हे वेगळे सांगावयास नको.

आता प्रश्न असा, की या सर्व उणिवांची वर्दी जिभेलाच इतक्या लवकर का लागावी. जिभेच्या पृष्ठावरील सूक्ष्म अंकुरांचे आवरण सतत झिजत असते आणि काही दिवसांतच त्याच्या जागी नवे येते. नव्या पेशी घडविण्यास फॉलेट व बी-बारा अपरिहार्य असल्याने, पुरवठा आटला की जेथे घडण सर्वांत वेगाने चालते तेथेच ती प्रथम खोळंबते. अंकुर झडतात, जीभ गुळगुळीत व लाल होते आणि तिखट-खारट झोंबू लागते. लोहाच्या उणिवेतही ती गुळगुळीत होते, परंतु फिकी पडते. शरीरातील फॉलेटचा साठा काही महिन्यांत सरतो. बी-बाराचा यकृतातील साठा मात्र वर्षानुवर्षे पुरतो, आणि म्हणूनच त्याचे दिवाळे उशिरा व चोरपावलांनी उघडकीस येते.

हीच बाब अल रीमवरील मराठी कुटुंबांना लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तपासलेल्या पुरुषांपैकी 67 टक्के जणांत बी-बाराचे प्रमाण कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के जणांत. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी माणसास ते दूध, दही, ताक व पनीर यांतूनच मिळावयाचे. हाच मध्यमवर्ग आखातात नोकरीनिमित्त जातो तेव्हा आपले स्वयंपाकघर बरोबर नेतो; आणि त्यात कार्यालयाच्या धावपळीत पोळी-भाजीवर व चहावर भागविणे, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन व आम्लपित्तासाठी तशाच दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या यांची भर पडली, म्हणजे बी-बाराचा पुरवठा व शोषण दोन्ही आणखी घटतात. बेट नवे, पण जिभेची उणीव मात्र जुनी.

उपचाराविषयी कुळकथाकाराने फार बोलू नये. तथापि या इतिहासातून निघणारा व्यवहार सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. आग शमेपर्यंत तिखट, आंबट व कढत पदार्थ आणि मद्यार्कयुक्त गुळण्या टाळाव्यात. मऊ कुंचल्याने दात घासावेत. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. मध-तुपाने आराम वाटत असल्यास मोठ्यांनी खुशाल लावावे. मात्र एक वर्षाखालील बालकास मध कधीही देऊ नये, व जुन्या चालीप्रमाणे टाकणखार लावू नये, कारण तो तान्ह्या बालकांस घातक ठरतो. लाल जीभ म्हणजे उणीवच, असेही नव्हे: प्रतिजैविकांनंतर किंवा दम्याच्या फवाऱ्यानंतर येणारी बुरशी, दंतमंजनातील घटकांचे वावडे, नकाशासारखे पट्टे पाडून जागा बदलणारी निरुपद्रवी जीभ, ही कारणेही असतात. फॉलिक आम्लाची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. बी-बाराची उणीव असता ती रक्त व जीभ सुधारून दाखवील, परंतु मज्जातंतूंचा ऱ्हास आतल्या आत चालू राहील. विल्सबाईने दोन उणिवा वेगळ्या केल्या, त्याचे हे प्रत्यक्ष मोल. तंबाखू वा सुपारी खाणाऱ्याच्या जिभेवर दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारा व्रण वा पांढरा चट्टा राहिल्यास विलंब न करता तज्ज्ञास दाखवावा. आणि जीभ अकस्मात सुजून श्वास वा गिळणे अडू लागले, तर घरगुती उपायांत एक क्षणही न दवडता अबुधाबीत 998 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हंटरने साक्षीदारास आरोपी ठरविले. आपण जिभेला मध लावून गप्प करतो, एवढाच फरक. जिभेची कैफियत पंधरा दिवसांत मिटली नाही, तर रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि शाकाहारी माणसाने, विशेषतः गर्भवती, वृद्ध व मधुमेही यांनी, लक्षण दिसण्याची वाट न पाहता बी-बारा मोजून घ्यावे. मुंबईच्या गिरणीतील स्त्रियांना हे सांगणारे कोणी नव्हते. आज ते सांगणारी माहिती हाताशी आहे, ती न वापरण्यास सबब उरलेली नाही.