काळ्या पुस्तिका आणि साम्राज्याची बखर : ‘ट्रॅव्हलर’च्या ग्रंथांचा इतिहास

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावातून १९७७ साली ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या काळ्या पेटीत पन्नासहून कमी पानांच्या तीन पुस्तिका होत्या. पहिली पात्रे आणि लढाई यांविषयी, दुसरी अंतराळयानांविषयी आणि तिसरी ग्रह व मोहिमा यांविषयी होती. पेटीच्या काळ्या झाकणावर चित्र नव्हते. एक लाल रेघ आणि संकटात सापडलेल्या ‘बेओवुल्फ’ नावाच्या व्यापारी यानाने मदतीसाठी पाठवलेला छोटासा संदेश, एवढाच मजकूर होता. फ्रँक चॅडविक, रिच बॅनर, लोरेन वाइजमन आणि मार्क मिलर यांनी १९७३ मध्ये ही संस्था युद्धपटांच्या, म्हणजे नकाशा व सोंगट्यांच्या साहाय्याने ऐतिहासिक लढाया खेळण्याच्या, प्रकाशनासाठी उभारली होती. मिलर यांनी रचलेल्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये त्या युद्धपटांची शिस्त उतरली आहे.

या जातीच्या खेळाला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यात पट नसतो आणि हारजीतही नसते. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घेऊन ती काय करील ते बोलून सांगतो, ‘रेफरी’ म्हणून बसलेली व्यक्ती भोवतीचे जग आणि त्यातली इतर माणसे उभी करते, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. हा प्रकार रुजवला तो १९७४ मधल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने. त्यात तळघरातल्या राक्षसांना मारून अनुभवाचे गुण मिळवायचे आणि पायरीपायरीने बलाढ्य व्हायचे, अशी रचना होती. मिलर यांनी ही शिडीच काढून टाकली. ‘ट्रॅव्हलर’मधले पात्र खेळाच्या सुरुवातीलाच प्रौढ असते आणि त्याची कौशल्ये पुढे फारच सावकाश वाढतात, ते कोण आहे हे त्याच्या भूतकाळाने ठरलेले असते.

हा भूतकाळ रचण्याची पद्धत पहिल्या पुस्तिकेतली सर्वांत ख्यातनाम गोष्ट ठरली. शक्ती, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक दर्जा हे सहा गुण दोन फाशांनी ठरवून अठरा वर्षांचे पात्र नौदल, मरीन, लष्कर, टेहळणी, व्यापारी ताफा किंवा ‘इतर’ यांपैकी एका सेवेत दाखल होई आणि चार-चार वर्षांच्या मुदती भरत कौशल्ये कमावी. परंतु प्रत्येक मुदतीत ते जिवंत राहिले की नाही, यासाठीही फासे टाकावे लागत. टेहळणी सेवेत त्यासाठी दोन फाशांवर किमान सात यावे लागत, याचा अर्थ विशेष दम नसलेल्या पात्राला दर चार वर्षांत मरणाची शक्यता छत्तीसात पंधरा, म्हणजे सुमारे ४२ टक्के होती. खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्र मरते, या नियमाची पुढे बरीच थट्टा झाली. १९८१ च्या सुधारित आवृत्तीत मृत्यूऐवजी जखमी होऊन सेवा सोडण्याचा पर्याय देण्यात आला. तथापि मूळ नियमामागचा विचार पक्का होता : आणखी एक मुदत भरावी की आहे तेवढ्यावर बाहेर पडावे, हा प्रश्न मृत्यूच्या भयामुळेच खरा होतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी चार मुदती भरून बाहेर पडलेला माणूस टेबलावर येतो तो आयुष्य घेऊन येतो, आणि ते लिहिण्यासाठी खेळाडूला कादंबरीकाराची प्रतिभा लागत नाही.

तिसऱ्या पुस्तिकेत हेच तत्त्व ग्रहांना लावले होते. षटकोनी घरांच्या आठ बाय दहा नकाशावर प्रत्येक घरासाठी एक फासा टाकून तिथे ग्रह आहे की नाही ते ठरवायचे, आणि मग त्याचे अंतराळबंदर, आकारमान, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन व कायद्याची कडकाई एकेका अक्षराने वा अंकाने नोंदवायची. उदाहरणार्थ, पुढे प्रसिद्ध झालेल्या रेजिना या ग्रहाची नोंद ए७८८८९९ अशी सुरू होते. म्हणजे बंदर उत्तम, व्यास सुमारे सात हजार मैल, वातावरण दाट, पृष्ठभागाचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली, लोकसंख्या दहा कोटींच्या घरात, शासन जनतेशी संपर्क नसलेल्या नोकरशाहीचे आणि घराबाहेर शस्त्र बाळगायला बंदी. फाशांमुळे कधी विसंगत मिश्रणही निघे, जसे हवा नसलेल्या चिमुकल्या खडकावर अब्जावधी माणसे. अशा वेळी त्या विसंगतीचे कारण शोधावे, असे पुस्तिकेतच सुचवले होते. कोरड्या तक्त्यातून कल्पनेला चालना देणारी ही सूचना संपूर्ण मालिकेतली सर्वांत मोलाची आहे, असे दीर्घकाळच्या वाचकाचे मत बनते ते याच कारणाने.

दुसऱ्या पुस्तिकेतील कर्जाचे गणित मात्र अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण या ग्रंथांची खरी कारागिरी तिथे दिसते. दोनशे टनांच्या ‘फ्री ट्रेडर’ या छोट्या मालवाहू यानाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट, म्हणजे त्या जगातले चलन, अशी दिली आहे. एक पंचमांश रक्कम आधी भरून उरलेल्यासाठी किमतीच्या २४० व्या भागाचा हप्ता ४८० महिने, म्हणजे ४० वर्षे भरायचा. हा हप्ता दरमहा १,५४,५०० क्रेडिट येतो. ताऱ्यातून ताऱ्याकडे नेणारी ‘जंप’, ज्यात हे यान एका वेळी एक पारसेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे अंतर तोडते, तिला एक आठवडा लागतो आणि बंदरातल्या कामाला दुसरा, त्यामुळे महिन्यात दोनच फेऱ्या होतात. यानात ८२ टन माल मावतो, टनाला भाडे हजार. दोन्ही फेऱ्यांत यान तुडुंब भरले तरी मालाचे भाडे १,६४,००० होते. त्यातून चालक, अभियंता, वैद्य व परिचारक या चौघांचा १५,००० पगार आणि दर फेरीच्या ३० टन शुद्ध इंधनाचे १५,००० वजा केले की हप्ता भरल्यावर तोटाच उरतो. तो उतारूंनी भरून काढावा लागे, आणि उतारू किती मिळतील हे ग्रहाच्या लोकसंख्येवर व फाशांवर अवलंबून असे. शुद्ध इंधन टनाला ५०० आणि अशुद्ध १०० क्रेडिट, पण अशुद्ध इंधनाने यान भलतीकडे जाण्याचा धोका वाढे. महिनाअखेर जवळ आली, हप्ता थकला आणि बंदरावर कुणी अनोळखी माणूस न उघडण्याच्या अटीवर एक पेटी पोचवायला देऊ लागला, तर खेळाडू ती का घेतात हे रेफरीला समजावून सांगावे लागत नसे. कथा नियमांच्या पोटातच होती.

या पहिल्या तीन पुस्तिकांत कोणतेही ठरीव विश्व नव्हते. पोल अँडरसन, एच. बीम पायपर आणि ई. सी. टब यांच्या विज्ञानकथांची छाया जागोजागी जाणवते, पण आकाशगंगा रेफरीने स्वतः रचायची होती. १९७८ मध्ये भाडोत्री सैनिकांविषयीचे ‘मर्सिनरी’ आणि १९७९ मध्ये नौदलाविषयीचे ‘हाय गार्ड’ आले. त्याच वर्षी ‘द स्पिनवर्ड मार्चेस’ ही चारशेहून अधिक ग्रहांची सूची, ‘द किनुनिर’ ही मोहीम आणि संस्थेचे नियतकालिक हे सारे एका सामायिक पार्श्वभूमीवर निघाले. ही पार्श्वभूमी म्हणजे अकरा हजार ग्रहांचे ‘तिसरे साम्राज्य’. तिची जुळणी मूळ नियमांशी नेमकी बसली होती, कारण बातमी यानापेक्षा वेगाने जाऊ शकत नसल्याने राजधानीचा हुकूम सीमेवर पोचायला कित्येक महिने लागत, आणि म्हणूनच सरदारांच्या हाती व्यापक अधिकार देणारी सैलसर राजवट स्वाभाविक वाटे. नियतकालिकातल्या साम्राज्याच्या कालगणनेनुसार छापलेल्या बातम्यांतून ११०७ साली सुरू झालेले पाचवे सीमायुद्ध वाचकांसमोर अंकामागून अंक उलगडत गेले. विल्यम कीथ आणि अँड्र्यू कीथ या बंधूंच्या लेखणीने व रेखाचित्रांनी त्या जगाला चेहरा दिला, आणि १९८४ पासून परग्रहवासी जमातींवर स्वतंत्र पुस्तिका निघू लागल्या.

इथे एक बदल जवळजवळ नकळत घडला. आधीचा वाचक फासे टाकून जग घडवीत होता. आता तो छापून आलेल्या जगाचा अभ्यासक होऊ लागला. हा अभ्यास आनंदाचा होता आणि साम्राज्याच्या बखरीइतकी सुसंगत कल्पनासृष्टी या क्षेत्रात फार थोडी झाली, हे मान्य करायला हवे. पण बखरीचा कर्ता एकच, तो म्हणजे प्रकाशक. ‘डायजेस्ट ग्रुप पब्लिकेशन्स’ या चाहत्यांतूनच उभ्या राहिलेल्या गटाच्या हातभाराने १९८७ मध्ये ‘मेगाट्रॅव्हलर’ ही नवी आवृत्ती निघाली. तिच्यात १११६ साली सम्राट स्ट्रेफन यांची हत्या होऊन साम्राज्याचे तुकडे झाल्याचे दाखवण्यात आले, तेव्हा अनेक वर्षे स्वतःचे खेळ त्या जगात चालवणाऱ्यांना आपल्या हातून काही हिरावले गेल्यासारखे वाटले. ग्रंथांतील छपाईच्या असंख्य चुकांनी त्या नाराजीत भर घातली. १९९३ च्या ‘द न्यू एरा’ने पुढे जाऊन संगणकांना ग्रासणाऱ्या ‘व्हायरस’ने साम्राज्यच नष्ट केले आणि नियमांची चौकटही बदलली. दोन्ही निर्णयांमागे साचलेल्या जगाला पुन्हा मोकळी जागा देण्याचा प्रामाणिक हेतू होता, परंतु ती जागा १९७७ च्या पुस्तिकांत आपोआप होती आणि इथे ती विध्वंस करून मिळवावी लागली, हा फरक मोठा आहे.

१९९६ मध्ये ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ बंद झाली. खुद्द लोरेन वाइजमन यांच्या संपादनाखाली स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९९८ पासून काढलेल्या ‘गर्प्स ट्रॅव्हलर’ने सम्राटाची हत्या झालीच नाही, असा पर्यायी इतिहास स्वीकारला, एखाद्या प्रकाशनाने वाचकांच्या दुःखाची इतकी सरळ दखल घेतल्याची उदाहरणे विरळा. मिलर यांच्या ‘फार फ्यूचर एंटरप्रायजेस’ने जुन्या काळ्या पुस्तिका एकत्र बांधून पुन्हा छापल्या, आणि बराच काळ दुर्मीळ झालेला मूळ मजकूर नव्या वाचकांच्या हाती पोचला. २००८ मध्ये इंग्लंडमधील माँगूस पब्लिशिंगने पुन्हा काळे मुखपृष्ठ व लाल रेघ घेऊन काढलेल्या मूळ नियमग्रंथात अपयशी मुदतीचा परिणाम मृत्यू न राहता सेवेतून बाहेर काढणारा अपघात झाला आणि त्या अपघातांचा एक तक्ताच आला. ग्रह रचण्याची पद्धत मात्र जवळपास तशीच ठेवली गेली, त्यामुळे १९७७ साली कुणी वहीत उतरवलेली ग्रहांची यादी आजच्या आवृत्तीच्या टेबलावरही थेट वापरता येते.