ठसे कोरणारा सोनार

जुन्या कारागिरांची चरित्रे क्वचितच हाती लागतात. सोनाराचे तर कामही टिकत नाही. मोड होऊन ते पुन्हा मुशीत जाते. म्हणून पंधराव्या शतकातील लंडनचा सोनार एडमंड शॉ याची हकीकत आपण मुद्दाम पाहू.

हे घराणे उत्तर इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट भागातले. एडमंडने लंडनला सोनारकामाची उमेदवारी केली आणि १४६२ मध्ये तो राजाच्या टांकसाळीत ठसे कोरणारा झाला. त्या काळी खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात रोवीत, त्यावर धातूची चकती व वर दुसरा ठसा ठेवून हातोड्याने घाव घालीत. नाण्यावर अक्षरे सुलट उमटायची तर ठशावर ती उलटी कोरावी लागत.

१४६४ मध्ये चौथ्या एडवर्डने चांदीच्या पेनीचे वजन १५ ग्रेनवरून १२ ग्रेनवर आणले. कस मात्र तोच राहिला : हजार भागांत ९२५ भाग चांदी. तो तपासायचा कसा? तोलून घेतलेला तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत तापवीत. शिसे व तांबे यांची ऑक्साइडे होऊन वाटीत शोषली जात, शुद्ध चांदीचा मणी उरे. मण्याचे वजन केले की हीण किती ते कळे.

१४८२ मध्ये एडमंड लंडनचा महापौर झाला. पुढच्याच वर्षी राजा वारला. २२ जून १४८३ रोजी एडमंडचा भाऊ राल्फ या धर्मोपदेशकाने जाहीर प्रवचनात मृत राजाची मुले औरस नसल्याचे सांगितले. पुढे त्यांचा काका तिसरा रिचर्ड गादीवर बसला. चांदीचा कस वाटीत तपासता येत होता. राल्फच्या शब्दाला तशी कसोटी नव्हती. घराण्याचा धंदा मात्र चालू राहिला. त्यातलाच जॉन शॉ हा सोनार १५०१ मध्ये महापौर झाला.

एडमंड १४८८ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने आईवडिलांना पुरले होते त्या स्टॉकपोर्टमध्ये शाळा काढण्यासाठी तरतूद केली. शिक्षकाला वर्षाला १० पौंड पगार मिळावा, त्याने मुलांकडून काही घेऊ नये आणि येईल त्याला व्याकरण शिकवावे, अशी अट होती. पैशांची व्यवस्था त्याने लंडनच्या सोनारांच्या संघाकडे सोपवली. शाळा आपले स्थापनावर्ष १४८७ मानते, कारण तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि मृत्युपत्र त्याआधी काही दिवसांचे आहे.

ही शाळा आजही चालू आहे. चांदीच्या दागिन्यांवर ९२५ हा आकडाही आजही दिसतो. वर्गात तो दाखवून उरलेले ७५ भाग कशाचे असतील, असे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.