माथेरान : मोटारबंदीचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

स्वच्छ वाहतुकीची चर्चा निघाली की युरोपातील शहरांची नावे घेतली जातात. मुंबईहून लोकलने दोन तासांत नेरळ गाठता येते आणि त्याच्याच माथ्यावर मोटारीला मज्जाव असलेले एक अख्खे गाव आहे, हे मात्र आपण विसरतो. आजचा धागा त्या गावाविषयी.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि इंग्रजांना माथेरानचा 'शोध' लागला. धनगर, ठाकर आणि कातकरी यांना तो कधीच लागलेला होता, ही गोष्ट वेगळी! पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी येथे वस्तीचा पाया घातला. साहेब घोड्यावरून किंवा पालखीतून येत. पालखी आली म्हणजे भोईही आलेच. माथेरानच्या वाहतुकीत माणसाचा खांदा अगदी आरंभापासून आहे.

१९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने सोळा लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीची, सुमारे २१ किलोमीटरची रेल्वे सुरू केली. पुढे मोटारी आल्या, पण त्यांची धाव दस्तुरी नाक्यापर्यंतच राहिली. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले आणि रुग्णवाहिका, अग्निशामक बंब अशा अपवादांखेरीज वाहनबंदीला कायद्याचे भक्कम कवच मिळाले.

जंगल राखले गेले, हवा राखली गेली. परंतु वृद्ध, आजारी, सामानाने लादलेले पर्यटक दस्तुरीहून वर कसे जात? एक तर घोड्यावरून, नाही तर हातरिक्षातून. तांबड्या मातीच्या चढावर पुढे एक माणूस ओढत असे, मागून एक-दोघे ढकलत. पावसाळ्यात त्याच वाटेचा चिखल होई. परवानाधारक हातरिक्षा होत्या ९४. त्यांच्यावर पोट असलेली माणसे त्याहून कितीतरी अधिक. 'प्रदूषणमुक्त' या गोड शब्दाच्या पोटात हे श्रम दडलेले होते आणि माझ्या मते वाहनबंदीचा इतिहास लिहिताना हीच बाजू सर्वांत आधी यायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी झाली. शाळेला रोज पायपीट करणाऱ्या मुलांना ती वरदान वाटली. घोडेवाल्यांचा मात्र विरोध होता, आणि तोही निराधार म्हणता येणार नाही. त्यांची रोजीरोटी त्याच वाटेवर होती. शिवाय ई-रिक्षा धावायची तर वाटेवर पेव्हर ब्लॉक हवेत, आणि ते घातले की मातीची वाट गेली, असाही पेच होता.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. स्वातंत्र्याच्या ७८ वर्षांनंतरही माणसाने माणसाला ओढावे हे अमानुष आहे, असे सांगून ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश झाला. पेव्हर ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच. आतल्या वाटा आणि पायवाटा मातीच्याच ठेवायच्या. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर योजना आखून, राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घ्याव्यात आणि त्यांना भाड्याने द्याव्यात, असेही न्यायालयाने बजावले. निधी नाही, ही सबब चालणार नव्हती.