सूर्यनमस्कार, औंध संस्थानातील
दात घासण्यासारखी नित्याची सवयही परक्याच्या दृष्टीने पाहिल्यास विधी भासते, हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ हॉरेस मायनर याने १९५६ मध्ये दाखविले. औंधचे उदाहरण उलट दिशेचे आहे. सूर्योपासनेतील नमस्कार हा आरोग्यदायी नित्य व्यायाम म्हणून रुजविण्याचा प्रयत्न संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी केला. संस्थानातील शाळांत त्यांनी तो सुरू केला. १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात त्याच्या दहा अवस्था वर्णिल्या आहेत. बीजमंत्र मात्र त्यांनी वगळले नाहीत. मंत्रोच्चाराचे फलही ते शरीरस्वास्थ्याच्या परिभाषेत सांगत. परिणामतः शाळेतील हा पाठ व्यायामाचा की उपासनेचा, हा प्रश्न उरतो. सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याविषयीच्या पुढील काळातील वादांचे मूळही त्यातच आहे.