ऐपतीचा दाखला

विवाह संस्कार पार पडला की चर्चच्या नोंदवहीत वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या होतात आणि ख्रिस्तसभेच्या दृष्टीने ते दोघे पतिपत्नी ठरतात. परंतु वर अमेरिकेचा नागरिक असेल आणि वधूला त्याच्याकडे कायम वास्तव्यास जायचे असेल, तर त्या नोंदीच्या उताऱ्याने अर्धेच काम भागते. विवाह खरा आहे एवढे दाखवून चालत नाही. तिला पोसण्याची ऐपत त्या घरात आहे, हेही कागदोपत्री सिद्ध करावे लागते. वसईच्या वाड्यांतून परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींना ही अट परिचयाची आहे. ती आधुनिक सरकारांच्या डोक्यातून निघाली असावी, असा सर्वसाधारण समज दिसतो. इतिहास पाहू जाता आम्हांस निराळेच आढळते. ही अट मुळात परदेशी माणसासाठी नव्हतीच; ती शेजारच्या गावातील गरिबासाठी होती.

इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले. मठांच्या दारी गोरगरिबांना मिळणारे अन्नही त्याबरोबर बंद झाले. पुढे १६०१ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामाने आपापल्या गरिबांचा सांभाळ कर बसवून करावा, असे ठरले. दान जाऊन कर आला, आणि कराबरोबर हिशेब आला. आपले गरीब कोणते आणि परके कोणते, हा प्रश्न गावोगाव उभा राहिला. त्याचे उत्तर १६६२ च्या वसाहत कायद्याने दिले. नवा आलेला मनुष्य वर्षाला दहा पौंडांहून कमी किमतीच्या घरात राहत असेल आणि तो पुढे धर्मग्रामावर भार होण्याचा संभव वाटला, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ गावी परत धाडता येई. प्रत्यक्ष भीक मागण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. संभव पुरेसा होता. हा ‘संभव’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

या कायद्यात पत्नीची स्थिती मोठी विलक्षण होती. लग्न होताच ती नवऱ्याच्या गावची ठरे. तिची ऐपत कोणी विचारीत नसे. तिचा भार आपोआप नवऱ्याच्या धर्मग्रामावर पडे. यातून काही लबाड अधिकाऱ्यांनी एक युक्ती काढली. गावातील गरीब गर्भवती अविवाहितेला परगावच्या एखाद्या पुरुषाशी, प्रसंगी त्याच्या हातावर पैसे ठेवून, बोहल्यावर उभे करायचे. संस्कारही झाला आणि गावचा खर्चही टळला! अखेर १७९५ साली कायदा बदलला आणि मनुष्य प्रत्यक्ष भार झाल्याखेरीज त्याला हलवू नये, असे ठरले. अपवाद राहिला तो पुन्हा त्या अविवाहित गर्भवतीचाच.

हेच कायदे वसाहतींबरोबर अटलांटिकपार गेले. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधून लक्षावधी माणसे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली. ती गरीब होती आणि बहुतांशी कॅथलिक होती. यांतला कोणता दोष तेथील जुन्या रहिवाशांना अधिक खुपला, हे सांगणे कठीण. मॅसॅच्युसेट्स राज्याने अशा निराधारांना बोटीत बसवून परत पाठविण्याचा सपाटा लावला. १८५५ साली एका आयरिश मातेला तिच्या अमेरिकेत जन्मलेल्या तान्ह्या मुलीसह बोस्टनहून लिव्हरपूलला रवाना करण्यात आले, तेव्हा त्यावर सार्वजनिक टीकाही झाली. त्या वर्षी राज्याची सत्ता कॅथलिकविरोधी ‘नो-नथिंग’ पक्षाच्या हाती होती.

आगंतुकांवर राज्यांनी बसविलेला कर १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. मग गरिबांचा खर्च कोणी करायचा, म्हणून राज्यांनी मध्यवर्ती सरकारकडे धाव घेतली आणि १८८२ चा कायदा झाला. स्वतःचा सांभाळ न करता येऊन जो सार्वजनिक भार होईल, त्यास उतरू देऊ नये, असे कलम त्यात आले. १८९१ साली त्यात ‘होण्याचा संभव’ हे शब्द घातले गेले. इंग्लंडातील धर्मग्रामाचा जुना शब्द असा एका खंडप्राय देशाच्या दारावर जाऊन बसला.

त्याचा सर्वाधिक जाच एकट्या बाईला झाला. १८९२ साली उघडलेल्या एलिस बेटावर नवऱ्याकडे निघालेली स्त्री उतरली, तर नवरा किंवा नातलग न्यायला येईपर्यंत तिला थांबवून ठेवीत. वाग्दत्त वधू असेल तर कित्येकदा लग्न लागल्यावरच तिला सोडीत. आपल्या धर्मगुरूंनी या बाबतीत केलेले काम मात्र विसरण्याजोगे नाही. १८८३ साली फादर जॉन रिओर्डन यांनी न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डन या उतरणीच्या ठिकाणी आयरिश मुलींसाठी रोझरी मातेच्या नावाने मिशन सुरू केले. मुली बोटीतून उतरल्या की त्यांना गाठायचे, विनामूल्य राहायला जागा द्यायची, नातेवाईक शोधून काढायचे, काम मिळवून द्यायचे. कायदा विचारी, हिला पोसणार कोण? मिशन पुढे होऊन सांगे, आम्ही आहोत.

१९३० साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या सरकारने वकिलातींना हे कलम कडक लावण्यास सांगितले. पुढच्या दशकात जर्मनीतून जीव मुठीत धरून निघालेल्या ज्यूंना याच कलमाने अडविले; अमेरिकेतील नातलगाचे निर्वाहपत्र आणा, असे त्यांना सांगण्यात येई. १९५२ साली दोन दस्तऐवज निघाले. जूनमध्ये अमेरिकेने आपला परदेशी नागरिकांविषयीचा कायदा नव्याने लिहिला आणि सार्वजनिक भाराचे कलम कायम ठेवले. ऑगस्टमध्ये बाराव्या पायस यांनी ‘एक्सुल फामिलिया’ हे आज्ञापत्र काढून, इजिप्तला पळून जावे लागलेल्या नाझरेथच्या कुटुंबाला सर्व स्थलांतरितांचा आदर्श म्हटले. योसेफ सुताराकडे मिसराच्या वेशीवर मिळकतीचा पुरावा मागितला असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

तोपर्यंतचे निर्वाहपत्र म्हणजे केवळ नैतिक वचन होते. न्यायालये ते वसूल करवीत नसत. १९९६ साली अमेरिकेने नवागतांची सरकारी मदत आखडली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने या वचनाला कराराचे बळ दिले. डिसेंबर १९९७ पासून ते अमलात आले. घरातील माणसे मोजायची, तेवढ्या माणसांची सरकारी दारिद्र्यरेषा पाहायची आणि उत्पन्न तिच्या सव्वापट आहे असे दाखवायचे. २०२५ साली दोन माणसांसाठी ती रेषा २१,१५० डॉलर होती. म्हणजे त्या वर्षी सुमारे २६,४३८ डॉलर उत्पन्न लागे. कमी पडल्यास दुसरा कोणी जामीन चालतो, किंवा मालमत्ता चालते. नागरिकाच्या पत्नीसाठी ती तुटीच्या तिप्पट लागते. मात्र वर्षभरात तिचे रोख पैसे होण्याजोगे असले पाहिजेत. सात-बारावर पाच भावांची नावे असलेली आपल्याकडील वाडी येथे फारशी उपयोगी नाही. तसेच मुंबईत वीस वर्षे नोकरी केलेल्या परिचारिकेचा पगारही धरत नाहीत, कारण देश सोडताच तो थांबणार.

सही करणाऱ्याची जबाबदारी पत्नी नागरिक होईपर्यंत, अथवा तिच्या खात्यावर सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत राहते. ती कायमची देश सोडून गेली, किंवा दोघांपैकी कोणी वारले, तरच ती त्याआधी सुटते. घटस्फोटाने सुटत नाही! २०१६ साली तेथील एका संघीय अपील न्यायालयाने, लग्नापूर्वी केलेल्या करारानेही ती सुटत नाही, असा निकाल दिला. विवाह मोडण्यास सहज मुभा देणाऱ्या राज्याने निर्वाहाचे वचन मात्र अभंग ठेवावे, याचे आम्हां कॅथलिकांना नवल वाटेल. पण टाकलेल्या परदेशी स्त्रीला त्या कागदाने आधार दिला आहे, हेही मान्य केले पाहिजे.

ज्या इंग्लंडातून हे सारे निघाले, तेथे जुलै २०१२ मध्ये ब्रिटनच्या सरकारने परदेशी जोडीदारासाठी वर्षाला १८,६०० पौंड मिळकतीची अट घातली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अटीचे तत्त्व मान्य केले, पण मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झाला नाही, असे बजावले. एप्रिल २०२४ मध्ये तो आकडा २९,००० वर गेला. मिळकत नसेल तर सहा महिने हाती असलेली ८८,५०० पौंडांची बचत दाखवावी लागते. परदेशातून येणाऱ्या जोडीदाराला तेथे पोचल्यावर काय मिळेल, हे प्रथम अर्जात सहसा धरत नाहीत. दहा पौंडांच्या घराचा हिशेब करणाऱ्या धर्मग्रामाप्रमाणे येथेही जे आज हाती आहे तेवढेच मोजतात.